नानी नव्हे, कुमा

१० जानेवारी १९९६, बुधवार

केतकी, वही नीट धर आणि मी बोलते तेच लिही. सुधारत बसू नकोस. तू बी.कॉम. झालेली, मी ओतूरची अंगठेबहाद्दर, सगळं कबूल. पण वही माझी आहे. शाई तुझी, जीभ माझी.

तर मी कुमुदिनी, वय त्र्याहत्तर, जपानात हिदाच्या डोंगरात बर्फाच्या खड्ड्यात बसलेय. नातू जयेश नागोयाच्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीने त्याला इथे खोऱ्याच्या वरच्या टोकाला वीजघराच्या कामावर धाडलंय. रविवारी संध्याकाळी जातो तो शनिवारी उगवतो. नातसून केतकी, म्हणजे ही लिहिणारी, पाच महिन्यांची पोटुशी. तिला सोबत म्हणून मला विमानात घालून आणली. कोण कुणाला सोबत करतंय ते अजून ठरायचंय. दोघींना मिळून जपानी शब्द येतात सात. त्यातले चार 'आभारी आहे'चेच.

घर तोकुजिरो नावाच्या म्हाताऱ्याचं. मागच्या दोन खोल्या आमच्या, पुढच्या अंगाला तो आणि त्याची विधवा सून सायोको. ती दुपारी तीनला गरम झऱ्यावरच्या हॉटेलात वाढायच्या कामाला जाते, सहाला येते. जाताना सासऱ्याच्या दाराला बाहेरून कडी घालते. वर दाराला घंटी बांधलीय, देवळासारखी. आज ती त्याच्या कोटाला छातीशी पांढरं चौकोनी फडकं शिवत होती. त्यावर काळी अक्षरं, मुंग्या चालल्यासारखी. शाळकरी पोरांना लावतात तसं. मी हातवारे करून विचारलं, आता सासऱ्याला पहिलीत घालतेस का? ती हसली, पण नुसत्या ओठांनी.

सासऱ्याला कोंडून जाते म्हणजे काय? सुना कुठल्याही देशातल्या असोत.

हात का थांबला गं? तुला नाही म्हटलं. लिही.

१४ जानेवारी, रविवार

आज जयेश घरी. म्हाताऱ्याने आम्हाला पुढच्या खोलीत बोलावलं. तिथे पांघरूण घातलेलं बुटकं टेबल आहे, आत शेगडी. त्याखाली पाय घालून सगळे टीव्हीपुढे बसलो. टीव्हीवर बर्फाचा डोंगर आणि त्यावरून काहीतरी काळं चाललेलं, धुरकट.

"आजी, हिममानव बघ," जयेश म्हणाला. "माणसासारखा दोन पायांवर चालतो. अंगभर केस."

"तुझे आजोबा उघडे बसले की असेच दिसायचे," मी म्हटलं. केतकीला उचकी लागली.

तेवढ्यात म्हातारा ताडकन उठला आणि बोलायला लागला. जयेश सांगत गेला. म्हाताऱ्याचा बाप या डोंगरात कोळसा पाडायचा. हा सात वर्षांचा असताना दोघांनी त्याला पाहिलेला. इथे त्याला 'यामाओतोको' म्हणतात, डोंगरातला पुरुष. बर्फ फार झालं की दिवस कलताना तो गावाच्या कडेला उतरतो. खायला ठेवलं तर गप खाऊन जातो. नाही ठेवलं तर घरातलं एक माणूस उचलून वर नेतो. म्हणून म्हाताऱ्याचा बाप परसातल्या काकीखालच्या दगडावर भाताचा गोळा ठेवायचा. काकी म्हणजे झाड. नारिंगी फळांचं. या देशात झाडाला काकी म्हणतात, माणसाला काय म्हणतील देव जाणे.

मग त्याने तो चालतो कसा ते दाखवलं. गुडघे वाकवून, हात सैल सोडून, मान पुढे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, आणि भिंतीशी पोचल्यावर तिथेच उभा राहिला. सायोकोने उठून हलकेच त्याला वळवलं आणि आणून बसवलं. कुणी हसलं नाही.

मला आता हसू येत नाहीये. जयेश गेला. खिडकीचा पडदा ओढ.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. ओतूरहून आणलेला गूळ कारणी लागला. म्हाताऱ्याला तिळाचे लाडू दिले, चार खाल्ले आणि पाचव्यासाठी लहान मुलासारखा आ केला. सायोकोने एक घेतला, रुमालात बांधून ठेवला. तिळगूळ दिल्यावर भांडायचं नसतं हे तिला कसं सांगणार? सांगायचं तर मलाच होतं स्वतःला.

कारण ती कामाला गेली आणि मी जाऊन कडी काढली.

हो, काढली. सणाच्या दिवशी म्हातारं माणूस कुलपात? तो दारात आला, कमरेत वाकला, घंटी किणकिणली. मी माझ्या शेगडीकडे आले. सहाच्या आत बघितलं तर पठ्ठ्या परत पांघरुणात. मी कडी लावून टाकली. कुणाला पत्ता नाही. आता रोज काढणार.

हे जयेशला वाचून दाखवायचं नाही.

१७ जानेवारी, बुधवार

आज जळणारा कचरा टाकायचा वार. केतकी पिशवी घेऊन गेली आणि पिशवीसकट परत आली. तोंड पांढरं.

"आजी, तुम्ही बघायला या. नको, नका येऊ."

मी गेले. मागच्या कोठीपासून पार काकीच्या झाडापर्यंत पावलं. गोल. एकेक सुपाएवढं. बोटं नाहीत, टाच नाही. डावं, उजवं, डावं, उजवं. चार पाय असते तर मी शांत झोपले असते. ओतूरला आमच्या उसात बिबट्या यायचा, त्याचे चार पाय असायचे. सरळ हिशेब. हे दोनच पायांवर आलं होतं आणि दोनच पायांवर गेलं होतं.

केतकीला घरात घेतलं. कचरा घरातच राहिला, वास मारतोय. मारू दे.

पुढच्या खोलीत म्हाताऱ्याचे मोजे वाळत घातलेले दिसले, ओले गच्च. मोजे स्वतःच धुतो बिचारा. कोंडणारी सून कशाला धुतेय.

१८ जानेवारी, गुरुवार

घरातलं एक माणूस नेतो, असं म्हातारा म्हणाला होता. आमच्या घरात दोन आहेत, आणि केतकीच्या पोटातलं धरलं तर अडीच. मी कुणालाच देणार नाही.

म्हणून दुपारी म्हाताऱ्याची कडी काढून आले आणि मग काकीखालच्या दगडावर तीन लाडू ठेवले. म्हटलं, बाबा, हे घे आणि गोड बोल. बोलूच नकोस, नुसता जा.

दिवे लागायच्या वेळी खिडकीतून बघितलं. दगडावर काही नव्हतं. गोल पावलं होती, ताजी.

माझ्या हातचं खाल्लं त्याने. केतकी म्हणते, आजी, एखादा कोल्हा असेल. मग कोल्हा सुपं पायात घालून आला होता का?

२० जानेवारी, शनिवार

घाटात रस्ता बंद. जयेश येत नाही. फोनवर केतकीने पावलांचं सांगितलं तर हसला, म्हणाला ससे उड्या मारतात त्याचे खड्डे मोठे होतात. सुखाने हस बाबा तिकडे.

लाडू रोज ठेवते. रोज जातात.

२३ जानेवारी, मंगळवार

पाणी दे आधी. लिही. 

पाहिला. मी त्याला पाहिला.

साडेतीन-चार झाले असतील. म्हाताऱ्याची कडी काढून बराच वेळ झाला होता, घंटीही वाजून गेली होती. लाडू घेऊन परसात निघाले. उजेड निळा पडायला लागला होता. काकीपाशी तो उभा होता, माझ्याकडे पाठ करून. माणसाहून रुंद. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत केस, राठ, पिवळट, लोंबणारे. पाय बर्फात गोल. मग वळला. तोंड केसांत, काही दिसलं नाही. छातीवर तेवढा पांढरा चौकोन होता आणि त्यावर काळं, मुंग्या बसल्यासारखं. आणि माझ्याकडे यायला लागला. गुडघे वाकवून, हात सैल सोडून, मान पुढे. म्हाताऱ्याने दाखवली होती तश्शीच चाल! म्हणजे म्हाताऱ्याने खरंच पाहिलाय त्याला, थाप नव्हती ती.

लाडू टाकले आणि पळाले. घराकडे नाही पळाले, घरात केतकी आहे, मागे आला तर? उताराने खाली शेजारच्या हात्सुए म्हातारीकडे गेले. दार बडवलं. तिने उघडलं आणि माझा अवतार बघून ओरडायला लागली, "नानी? नानी?"

हिला कुणी सांगितलं मी नानी म्हणून? भलत्याच बाईचं नाव. म्हटलं कुमुदिनी काही हिच्या जिभेला जमायचं नाही, आई मला हाक मारायची ते सोपं नाव सांगावं. छातीवर हात बडवून सांगितलं, "नानी नव्हे गं, कुमा! कुमा!" आणि डोंगराकडे बोट दाखवलं, की तिथे बघ काय आहे.

तर ती बाई किंचाळली. मला आत ओढलं, दाराला अडसर घातला आणि फोनवर तुटून पडली. फोनात सारखं आपलं "कुमा, कुमा." माझं नाव ती कुणाला एवढ्या कळवळून सांगत होती?

तासाभराने तिच्या लेकाने गाडीतून घरी सोडलं. परसाचं अंतर, पण गाडीतून. म्हातारा पांघरुणात होता, गप. मी त्याच्याकडे बघून हात जोडले. आता त्याला आणि मला दोघांनाच माहीत आहे.

२४ जानेवारी, बुधवार

सकाळपासून बर्फाचं वादळ. आणि त्या वादळात खांबावरचा भोंगा माझं नाव घेतोय.

रोज पाचला तो भोंगा गाणं वाजवतो, पोरांनी घरी जावं म्हणून. आज सकाळी वाजला. दुपारी वाजला. एक बाई सावकाश, गोड आवाजात काहीतरी सांगते आणि मध्येच, "कुमा." पुन्हा "कुमा." समोरच्या डोंगरावरून ते नाव परत येतं, "कुमाऽ."

आई गेली त्याला चाळीस वर्षं झाली. त्यानंतर मला या नावाने कुणी हाक मारलेली नाही.

केतकीने ते तिचं जपानी बोलायचं पुस्तक पालथं घातलं. त्यात स्टेशन कुठे आहे आणि हे केवढ्याला, एवढंच. केतकी म्हणते जयेशला फोन करू. मी नको म्हटलं. काम टाकून या वादळात घाटातून निघेल तो.

मला वाटतं त्याने मला ओळखलंय. लाडू देणारी हीच. आता एक माणूस न्यायचं तर कोण न्यायचं, हेही त्याने ठरवलंय. गावाला ते कळलंय आणि गाव मला सांगतंय.

हे खोड. केतकी घाबरेल. अगं तूच केतकी, तरी खोड. खोडलंस? दाखव. मला वाचता येत नाही, पण खोडलेलं कळतं.

२६ जानेवारी, शुक्रवार

दुपारी वादळ थांबलं. सगळी पावलं पुसली गेली, परस कोऱ्या पाटीसारखं. सायोकोला आज सुट्टी, ती घरात, त्यामुळे कडीचा प्रश्न नव्हता.

चार माणसं आली. नारिंगी टोप्या, खांद्याला बंदुका. त्यातला वयस्कर मला बघून नीट वाकला आणि अदबीने म्हणाला, "कुमा?"

बघा, चांगल्या घरचा माणूस, नाव विचारून बोलतो. मी मान डोलावली. छातीवर हात ठेवला, हो, मीच. त्याने आपल्या छातीवर बोटाने चंद्रकोर काढली आणि भुवया उंचावल्या. याला कसं कळलं? मी जोरात म्हटलं, हो हो, पांढरं! पांढरंच होतं! आणि काकीचं झाड दाखवलं. सगळे एकमेकांकडे बघून गंभीर झाले. वरच्या बांधावर जाऊन जागा बघून आले, बसायची.

मला किती दिवसांनी हायसं वाटलं. कुणीतरी विश्वास ठेवला. उद्या ते त्याला मारतील आणि केतकी मोकळेपणी कचरा टाकायला जाईल.

म्हाताऱ्याची कडी उद्यापासून पुन्हा काढायचीच. कोंडलेला असताना ते घरात शिरलं तर बिचारा पळणार कुठे?

२८ जानेवारी, रविवार

कालचं काल सांगवलं नाही. आज सांगते, मध्ये थांबले तर ढोसू नकोस.

काल रस्ता उघडला, जयेश अडीचला घरी आला. सायोको तीनला गेली. मी कडी काढली, घंटी वाजली, परत आले. जयेश जेवत होता. केतकीला राहवलं नाही, वही आणली आणि कडीचं तेवढं गाळून सगळं वाचून दाखवलं. 'नानी'पाशी पोचली आणि जयेशला ठसका लागला.

"आजी! नानी म्हणजे 'काय'. ती विचारत होती, काय झालं, काय झालं!"

"मग मी नाव सांगितलं ते बरोबरच केलं ना? कुमा."

"कुमा म्हणजे अस्वल!"

आधी केतकी हसली. मग मी. तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बाईने विचारलं काय, आणि मी छाती बडवून सांगते, अस्वल, अस्वल. आईने लाडाने त्याच नावाने वाढवली, आणि त्याचा असाही अर्थ आहे ते इथे येईपर्यंत कुणी बोललं नाही.

"म्हणून भोंगा ओरडतोय," जयेश डोळे पुसत म्हणाला. "इथल्या अस्वलाच्या छातीवर पांढरी चंद्रकोर असते. त्या माणसाने तेच विचारलं. थंडीत अस्वलं झोपतात, आजी. जे झोपत नाही ते भुकेलं, त्याला हे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. म्हणून बंदुका."

"पण मी पाहिली ती कोर नव्हती रे," मी म्हटलं. "चौकोन होता. पांढरा चौकोन, आणि त्यावर काळ्या मुंग्या..."



जयेशचं हसू गेलं. "आजी, तोकुजिरो आजोबा कुठे आहेत?"

"कडी मी काढली," मी म्हटलं. "रोज मीच काढते."

त्याने कपाळ धरलं. म्हणाला, "सायोको-सानने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना आठवत नाही काही. बाहेर पडले की परतीची वाट सापडेलच असं नाही. मागच्या वर्षी दोनदा शोधून आणलंय. कडी त्यासाठी, घंटी त्यासाठी, कोटावर नाव आणि फोन नंबर त्यासाठी. मी म्हटलं तुला उगाच कशाला घाबरवायचं."

घाबरवायला हवं होतंस रे.

तो चप्पल न घालता पळाला, वरच्या बांधाकडे, रस्त्याने वळसा घालून. मी कोठीत डोकावले. आत खुंटीवर गवताचं एक इरलं होतं, शेतात पावसात घेतात तसलं, लांब झिपऱ्यांचं. शेजारची खुंटी रिकामी. खाली वेताचं गोल कडं पडलं होतं, सुपाएवढं, बर्फात रुतू नये म्हणून पायात बांधायचं, एकच. सगळं इथे होतं. सतरा पावलांवर. मी एकदाही दार ढकलून बघितलं नव्हतं.

लाडवांचा डबा घेतला, ओतूरहून आणलेली ह्यांची काळी घोंगडी अंगावर ओढली आणि परसातून निघाले. तो काकीपाशीच होता. एका पायात कडं, दुसरा पाय नुसत्या मोज्यात, मांडीपर्यंत रुतलेला. वरच्या बांधावर नारिंगी टोप्या दिसल्या. चार.

ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडू काय? माझं नाव म्हणजे अस्वल. 'काय' म्हणायचं तर नानी. झाड काकी. मला येणारा एकेक शब्द त्या बंदुकांच्या बाजूने होता. तोंड मिटलं आणि चढायला लागले. चढ उभा, बर्फ भुसभुशीत. दोन पायांवर जमेना तशी हात टेकले आणि गुडघ्यांवर, हातांवर, घोंगडी डोक्यावरून घेऊन चढत गेले.

धाड झालं.

काकीच्या फांदीवरचं सगळं बर्फ माझ्या पाठीवर आलं. म्हाताऱ्याला लागली, हेच मनात आलं. त्यांनी म्हाताऱ्यावर झाडली. मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता. तो शाबूत होता, पण त्याच्या तोंडावर जी भीती होती ती मी ओळखली. मंगळवारी तीच माझ्या तोंडावर होती. तो बर्फात गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि पुटपुटला, "यामाओतोको-सामा."

हा शब्द मला येत होता.

मी हळूच जवळ गेले. अंगभर काळी लोकर, वर बर्फ. डबा उघडून पुढे केला. त्याने एक लाडू उचलला, अर्धा मोडला आणि तो अर्धा आधी माझ्याकडे धरला. त्याचा हात लाकडासारखा गार. मी तो माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि घोंगडी दोघांवर ओढली. तो थरथरत होता आणि मीही, आणि कुणाचं थरथरणं कुणाचं ते कळत नव्हतं.

वरून जयेशचा आवाज येत होता, फाटलेला. "हितो! हितो!" रात्री विचारलं. हितो म्हणजे माणूस.

जयेश अजून माझ्याशी धड बोललेला नाही. सकाळी केतकीला म्हणाला, गोळी आजीच्या डोक्यावरून हातभर गेली. काहीतरीच. माझ्यावर कशाला झाडतील?

३० जानेवारी, मंगळवार

हे ताकायामाच्या दवाखान्यात बसून लिहितोय. म्हातारा झोपलाय. पायाची दोन बोटं काळी पडलीत, राहतात का जातात ते दोन दिवसांत कळेल. शनिवारी गाडीत चढेना. यामाओतोको बरोबर असला तरच येईन म्हणाला. मग मीच बसले, घोंगडी घेऊन. इतके दिवस ज्याच्या भीतीने पडदे ओढले, तोच होऊन पंचेचाळीस मिनिटं बसले. त्याने हात सोडला नाही. आजही सोडत नाही, म्हणून रोज यावं लागतं. नर्सबाई माझ्या घोंगडीकडे बघतात आणि काही म्हणत नाहीत. फार सभ्य लोक.

आता खरं लिही.

शनिवारीच मी जयेशला म्हटलं होतं, सायोकोला सांग, कडी मी काढत होते. एक दिवस नाही, दोन आठवडे. तिच्याबद्दल काय वाटत होतं तेही सांग. तो तिच्याशी बोलला. तिने मला तीनदा वाकून नमस्कार केला, माझे हात डोळ्यांना लावले, रडली. मी घरी आले, जेवलेसुद्धा.

पण मनात आलं, जयेशचं वाक्य फार लहान होतं. मी एवढं बोलले, दोन आठवड्यांचं, आणि ते एवढ्याशा वाक्यात मावलं कसं? आणि ज्या बाईला हे कळलं ती माझे हात डोळ्यांना लावेल कशी?

परवा कामावर निघताना जयेशला विचारलं. तो बुटाची नाडी बांधायला लागला. बुटाला नाडी नव्हती.

म्हणजे त्याने तिला कडीचं सांगितलंच नाही, आणि तिला वाटतंय की घाईत आपलीच कडी नीट लागली नाही. हॉटेलचं काम सोडलं तिने. इथे खुर्चीत झोपते. स्वतःच्या हातांकडे बघत बसते.

म्हणून मघाशी मीच सांगितलं. शब्दांवर माझा भरवसा राहिलेला नाही, शब्द वापरलेच नाहीत. झोपलेल्या म्हाताऱ्याचा हात हळूच सोडवला आणि तिला बोटाने बोलावून दाराशी नेलं. दाखवलं, तू, कडी, अशी लावलीस. नीट लावलीस. मग माझ्या छातीवर हात ठेवला. मी. अशी काढली. मग बोटं मोजली. एक, दोन, तीन, सगळी बोटं संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

दुसऱ्या हातावर पोचले तेव्हा तिला कळलं. मला ते दिसलं. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. वाकली नाही. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर न वाकता उभं राहिलं. मग ती वळली आणि बाहेर गेली.

त्याला अर्धा तास झाला. या महिनाभरात मी ज्याला ज्याला भ्याले, ते सगळं या अर्ध्या तासापुढे काहीच नव्हतं. उठून जाता येत नाही, म्हाताऱ्याने झोपेतच परत हात धरलाय. तू विचारलंस, आजी, सांगायलाच हवं होतं का? पोट सांभाळून जा आणि आरशात तोंड बघ, तूही सूनच आहेस, तुझं तुला कळेल. नको, जाऊ नकोस. इथेच बस.

पावलं वाजतायत. सावकाश येतायत. तिचीच आहेत. वही मिट, केतकी. आणि माझा हा दुसरा हात मोकळा आहे, तो तू धर.